बावीस मीटर खालचा फोटो

ओत्रोबांदा, १२ नोव्हेंबर २०१७

रुडसेल,

माईने आज मला झुलाइनी म्हणून हाक मारली. सप्टेंबरमध्ये तिला झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं अर्धंच राहिलंय. नावं सगळी आठवतात, फक्त भलत्याच माणसांना चिकटतात. मला म्हणाली, "झुलाइनी, पोरीला का नाही आणलंस?" मी म्हटलं, "शाळा आहे तिला," आणि सूप भरवत राहिले.

तुझा पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. देत नव्हती. दोनदा तिने दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा माईचं सांगितलं तेव्हा तळलेल्या पास्टेचीच्या तेलकट कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, "त्याने पत्र तोंडावर फेकलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." नाही जाणार.

मागणं एवढंच आहे. तुझ्या शेनेलीला एकदा फोनवर माईशी बोलू दे. माझ्याशी बोलायला नको. मी खोलीबाहेर थांबेन.

जुनं उकरून काढायला मी लिहीत नाही. झुलाइनी नाहीशी झाली त्याला अडीच वर्षं उलटली. तू पोरीला घेऊन बेटावरून हॉलंडला गेलास त्यालाही पावणेदोन होतील. फोटोचं जे झालं ते झालं. एकटी मीच नव्हते, हे तुलाही माहीत आहे. 'झुलाइनीला शोधा' या ग्रुपमध्ये चार हजार माणसं होती. त्या डच नवरा-बायकोने सुट्टीत पाण्याखाली काढलेले फोटो लोकांसमोर टाकले, ते काही मी सांगितलं म्हणून नाही. त्यातल्या एकात वाळूवर काहीतरी बसल्यासारखं दिसतं, हे पहिल्यांदा टिलबर्गच्या एका बाईने म्हटलं. तिनेच लाल गोल काढला. मग शेजारच्या बोनेर बेटावरचा एक माणूस बरगड्या मोजायला लागला. अकरा भरल्या त्याच्या. दुसरा कोणी म्हणाला, अकरा कशा, बारा हव्यात, तर हा म्हणतो, बारावी वाळूत आहे. एकीने लिहिलं, "प्रवाळ असं बसत नाही. बाई बसते अशी." तिला सहाशे लोकांनी अंगठा दिला. मी तर तेव्हा काही बोललेसुद्धा नव्हते.

तुझी होडी पोलिसांनी तीन महिने अडकवून ठेवली, तुला दोनदा नेलं, याचं मला वाईट वाटतं. पण झुलाइनीचा फोन तुमच्या घरी चार्जिंगला लावलेला सापडला, त्यावरून तुझ्यावर संशय आधीच होता. तोही मी आणला नाही.

माझी बहीण गेली होती. अशा वेळी माणसाला सरळ दिसत नाही, रुडसेल. एवढं तू समजून घेशील.

मिरेल्वा


७ जानेवारी २०१८

रुडसेल,

एक तारखेला सकाळी फोन वाजला. नंबर दिसत नव्हता. मी उचलला आणि पलीकडून कोणीतरी श्वास घेतला, मग पोरगी म्हणाली, "वेला आहे का? आजी?" फोन माईच्या कानाला लावला आणि सांगितल्याप्रमाणे बाहेर जाऊन उभी राहिले. दार लोटलं होतं, पण कान थोडाच लोटता येतो. माई म्हणत होती, "जेवलीस का? काय जेवलीस?" पुन्हा तेच. आठ मिनिटं आजी नातीला जेवणच विचारत होती. नंतर दिवसभर ती हसत होती, अर्ध्याच तोंडाने.

एवढं होऊनही तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं. पहिलं पत्र लिहिताना मी मनातल्या मनात तुझं उत्तरही लिहून ठेवलं होतं, शिव्यांसकट. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझ्या या चांगुलपणाने मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. म्हणून मागच्या पत्रात जे गिळलं ते आता लिहिते.

मी काही बोलले नव्हते, हे खोटं आहे.

त्या डच बाईला मी स्वतः निरोप पाठवून मूळ फोटो मागवला. बहीण आहे म्हटल्यावर तिने लगेच दिला. बिचारीने वर "देव तुम्हाला बळ देवो" असंही लिहिलं. तो फोटो मी दुकानात माझ्या मशीनवर उघडला. मी काय काम करते तुला माहीत आहे. पासपोर्टचे फोटो, आणि मेलेल्या माणसांचे जुने, डागाळलेले फोटो दुरुस्त करणं. लोक म्हणतात, मिरेल्वाच्या नजरेतून काही सुटत नाही. खरं तर माझा धंदा नसलेलं दाखवण्याचाच आहे. बुरशीने खाल्लेलं नाक मी काढून देते आणि घरचे रडतात, म्हणतात, अगदी असंच होतं!

मूळ फोटोत निळसर धुकं होतं आणि धुक्यात एक ढीग. मी निळा काढला. काळं जास्त काळं केलं, पांढरं जास्त पांढरं. फांद्या होत्या त्यांची बोटं झाली. बाजूला एक दोर होता, मूळ फोटोत राखाडी. रंग हलवल्यावर तो निळा दिसायला लागला, तुझ्या होडीच्या दोरासारखा. मी तिथेच थांबले असते तर म्हटलं असतं, चूक झाली. पण मी तो आणखी निळा केला. मग ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "मी वीस वर्षं फोटोंचं काम करते. हा माझ्या बहिणीचा हात आहे." फोटोवर हात फिरवलाय हे लिहिलं नाही. दुपारपर्यंत तो अरुबापर्यंत पोचला होता, संध्याकाळी बातम्यांत.

धक्क्यावरची ती सकाळ मला रोज दिसते. तू त्या डच पाहुण्यांकडून जागा विचारून घेतलीस, तुझ्या दोस्ताला, एरगिलिओला बरोबर घेऊन बावीस मीटर खाली उतरलास आणि ते वर आणलंस. मासे धरायचा कुजका पिंजरा, त्याच्या तारेवर उगवलेलं पांढरं प्रवाळ, आणि शेवाळलेला, कुठल्याच रंगाचा नसलेला दोर. सगळं बोका सामी गाव जमलं होतं. तू तो पिंजरा फळ्यांवर ठेवलास. पाणी गळत होतं. तू म्हणालास, "घ्या. ही तुमची झुलाइनी."

टपरीवाला लिओन्सिओ म्हणाला, "अरे देवा, नुसता पिंजरा! आणि आम्ही बरगड्या मोजत बसलो." दोन-तीन जण हसलेही. तिथेच संपत होतं सगळं, रुडसेल. लोकांना घरी जायचं होतं.

आणि मी म्हणाले, "फोटो आल्यापासून तीन आठवडे होते तुझ्याकडे. तिथे आधी काय होतं आणि तू काय आणून ठेवलंस, बघायला कोण गेलं होतं?"

हसू थांबलं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू मारशील. तू वाकलास, पिंजरा उचललास आणि परत होडीत ठेवलास. एरगिलिओ म्हणाला, "मी होतो की बरोबर, मिरेल्वा! मला काय आंधळा समजतेस?" त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पुढच्या आठवड्यात शेनेलीला शाळेत पोरं "पिंजरा" म्हणायला लागली. फेब्रुवारीत तुम्ही गेलात.

माझ्या मनात त्या वेळी तुझ्याबद्दल खरंच संशय होता का, असं तू विचारशील. याचं उत्तर मला येतं, पण आज लिहिता येत नाही.

मिरेल्वा


१४ मार्च २०१८

आज तीन वर्षं झाली. माईला तारीख कळत नाही, पण सकाळपासून जेवत नाहीये.

रुडसेल, हे पत्र मी आधी टपालपेटीत टाकणार आहे आणि मग पोलिसांकडे जाणार आहे. उलटं केलं तर मी मध्येच घरी परतेन, मला माझी खात्री नाही.

त्या शनिवारी सकाळी झुलाइनी दुकानात आली होती, हे मी सांगितलं होतं. का आली, ते नाही. तुम्ही हॉलंडला जायचं ठरवलंत, तुझी तिथे गोदीत नोकरी पक्की झाली, हे तिने मला आदल्या रात्री फोनवर सांगितलं आणि मी फोन आपटला. माईला तेव्हा नुकतं कमी दिसायला लागलं होतं. मला वाटलं, ही सुटणार आणि मी अडकणार. सकाळी ती समजूत घालायला आली. दुकानात एक बाई पोराचा फोटो काढायला बसली होती, तिच्यासमोर मी म्हणाले, "जा ना! आजच जा. आणि माईला तोंड दाखवू नकोस पुन्हा."

झुलाइनी म्हणाली, "तू ओरडतेस तेव्हा अगदी टाटासारखी दिसतेस."

बापाचं, टाटाचं, नाव काढलं की आम्ही दोघी वितळायचो, तिला माहीत होतं. मी वितळले नाही. मग ती म्हणाली, "तीननंतर मी टाटाच्या खडकावर असेन. बसने जाते, बार्बर गावात उतरून चालत. तुझा राग उतरला तर गाडी घेऊन ये. नाही उतरला तरी ये, तिथे ओरड, समुद्र तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतो." आणि गेली.

टाटाचा खडक म्हणजे उत्तरेच्या किनाऱ्यावरचा, जिथे तो गळ टाकून बसायचा. तू कधी गेला नाहीस तिथे, तुम्ही बोका सामीचे लोक, तुम्हाला शांत पाणी. तिकडे वारा माणसाला ढकलतो. लाट खडकावर चढून येते ती सांगून येत नाही.

मी गेले नाही. तीन वाजता मी दुकानात एका म्हाताऱ्याच्या फोटोवरचा डाग काढत होते. चार वाजता घड्याळ बघितलं. पाच वाजता म्हटलं, बसू दे वाट बघत, कळू दे जरा.

रविवारी दुपारी पोलीस आले तेव्हा माई माझ्या शेजारी बसली होती. त्यांनी विचारलं, शेवटचं काय म्हणाली? मला वाटत होतं ती कुठल्यातरी मैत्रिणीकडे रुसून बसलीय, संध्याकाळपर्यंत येईल. मग माईसमोर कशाला सांगायचं, की तिने बोलावलं आणि मी गेले नाही? मी म्हणाले, "घरी जाते म्हणाली. पोहायला उतरेन म्हणाली."

या एका वाक्यावर त्यांनी अकरा दिवस बोका सामीचं पाणी चाळलं. चुकीच्या बाजूचा समुद्र, रुडसेल. तू रोज पहाटे होडी काढायचास, तुझे डोळे मिठाने सुजले होते, आणि मी धक्क्यावर सगळ्यांना कॉफी वाटत होते. दर सकाळी ठरवायची, आज सांगते. पण काल न सांगितलेलं आज सांगायचं तर कालचंही सांगावं लागतं. सोमवारी मी एकटी गाडी घेऊन खडकापर्यंत गेलेही. वरूनच बघितलं. खाली फक्त फेस होता. उतरले नाही. परत आले आणि कोणाला सांगितलं नाही.

मग सात महिन्यांनी तो फोटो आला. दक्षिणेकडचा. आता तुला कळलं असेल मला त्यात हात का दिसला. ती तुमच्या पाण्यात सापडली असती, तर ती खडकावर गेलीच नव्हती. मग मी न जाण्याने काही बिघडलं नव्हतं. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने केलं होतं, आणि दुसरा तूच होतास.

तुझ्यावर माझा संशय एक दिवसही नव्हता. हे ते उत्तर.

मिरेल्वा


३ मे २०१८

रुडसेल,

पोलिसांचं पत्र तुला वेगळं येईल, त्यात सगळं नीट असेल. मी माझ्या शब्दांत सांगते.

मला त्यांनी दोन दिवस बसवलं. ज्याने तुला नेलं होतं तोच इन्स्पेक्टर होता. सगळं ऐकून त्याने पेन ठेवलं आणि म्हणाला, "बाई, त्या माणसाला मी खुर्चीत बसवून काय काय विचारलंय तुम्हाला माहीत आहे का?" मग उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही. माझ्यावर खोट्या जबानीचा खटला होईल. होऊ दे.

अग्निशामक दलाची पोरं दोर लावून खडकावरून उतरली. एरगिलिओही गेला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. माझ्याशी बोलला नाही, पण गाडीतून मला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्यालाच सापडलं. लाट पोचत नाही अशा एका कपारीत, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेली तिची पिशवी. शेजारी चपला, एकीवर एक ठेवलेल्या. पिशवीचं कापड हातात येताच फाटलं. आत गंजलेला थर्मास होता आणि प्लास्टिकचे दोन पेले.

एरगिलिओने ते पेले माझ्या हातात दिले नाहीत. मला दाखवले फक्त, आणि पोलिसाकडे दिले.

ती स्वतः मिळाली नाही. इन्स्पेक्टर म्हणतो, पाय धुवायला किंवा टाटा बसायचा त्या खालच्या पायरीवर गेली असेल. त्या दिवशी पाणी मोठं होतं, नोंद आहे. त्या वेळी लगेच शोधलं असतं तर मिळाली असती का, मी विचारलं. तो म्हणाला, "ते विचारू नका."

माईला मी सांगितलं. पलंगाशी बसून, हळूहळू, पहिल्यापासून. त्या दिवशी तिची नावं बरोबर लागत होती. ती म्हणाली, "मिरेल्वा. आणि तू गेली नाहीस?" एवढंच. नंतर चार दिवस माझ्या हातून घास घेतला नाही. शेजारची ओर्सेला येऊन भरवायची. पाचव्या दिवशी तिने माझ्यासाठी तोंड उघडलं, पण डोळे मिटून.

ग्रुपवरही लिहिलं मी सगळं, मूळ फोटोसकट. बंद पडल्यासारखा होता ग्रुप, तासाभरात जागा झाला. पहिली टिलबर्गवाली बाई आली: "मला पहिल्यापासून हिच्यावर शंका होती." मग बोनेरवाला. मग कोणीतरी त्या दिवसांतला धक्क्यावरचा माझा कॉफी वाटतानाचा फोटो शोधून काढला आणि माझ्या मनगटावर लाल गोल काढला. ओरखडा आहे म्हणे. झुलाइनीने झटापटीत काढलेला. तो माझ्या घड्याळाचा पट्टा आहे. आता सोळाशे लोकांचं ठरलंय की मी तिला ढकललं. दुकानाच्या काचेवर कोणीतरी तसं लिहूनही गेलं. मालक म्हणाला, "थोडे दिवस घरी राहा, मिरेल्वा." बोलला हळूच, पण किल्ली मागून घेतली.

हे मी तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. आता मला कळलं तुझ्यावर काय गेलं, असंही म्हणत नाही. मी निदान काहीतरी केलं होतं.

जूनच्या दोन तारखेला बार्बरच्या चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थना ठेवली आहे. तुला कळवलं पाहिजे म्हणून कळवते.

मिरेल्वा


२० जून २०१८

रुडसेल,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. तुझं अक्षर मी विसरले होते. तू लिहिलंस, "माफ केलं का ते विचारू नकोस, मला माहीत नाही. शाळेत एका मुलीने फोनवर शेनेलीला तो फोटो दाखवला, तू रंगवलेला. ती मला रात्री विचारते, बाबा, आईचा हात असा का झाला? हे तिला मी समजावणार नाही. तू समजाव. तिला लिही. खोटं एक अक्षर नको. मी आधी वाचेन."

सोबत तिचं पत्र आहे. पाच वेळा लिहिलं. मोठ्या माणसाला खरं सांगणं सोपं होतं. आवडलं नाही तर देऊ नकोस.

मिरेल्वा


शेनेली,

मी तांता मिरेल्वा, तुझ्या आईची मोठी बहीण. तुला मी आठवत असेन किंवा नसेन. तू लहान असताना तुझे सगळे फोटो मी काढले.

तू जो फोटो पाहिलास त्यात तुझी आई नाही. तो मासे पकडायचा जुना पिंजरा आहे, कोणातरी कोळ्याचा हरवलेला. बोटांसारखं दिसतं ते प्रवाळ आहे, ते पिंजऱ्याच्या तारेवर वाढलं. खरा फोटो मी या पत्राबरोबर पाठवते. बघ, त्यात हात नाहीच. हात मी तयार केला, दुकानातल्या मशीनवर, रंग बदलून. मी असं का केलं, ते तुझ्या बाबांना मी लिहिलं आहे, आणि तू मोठी झालीस की ते तुला ती पत्रं देतील. आज एवढंच सांगते, की माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली होती आणि ती कोणाला दिसू नये म्हणून मी दुसरी केली.

तुझी आई बेटाच्या दुसऱ्या बाजूला, एका मोठ्या खडकावर गेली होती. माझं तिच्याशी भांडण झालं होतं आणि तिने मला तिथे बोलावलं होतं, पुन्हा गोडीने बोलायला. ती माझी वाट बघत होती. मी गेले नाही. तिथे एक मोठी लाट आली. कोणी तिला त्रास दिला नव्हता. कोणी तिला बांधलं नव्हतं. ती तुला सोडून कुठे निघून गेली नव्हती, संध्याकाळी ती घरी येणार होती.

आणि शेवटी एक गोष्ट, ती फक्त तुझी आहे. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा पोलीस तुमच्या घरी आले. त्यांनी बाबांना विचारलं, शनिवारी दुपारी तुम्ही कुठे होता? बाबांनी सांगायच्या आधी तू पुढे आलीस आणि म्हणालीस, "बाबा माझ्या वेण्या घालत होते. दुपारभर. खूप ओढत होते." पोलीस हसले. त्यांनी ते लिहून घेतलं नाही, कारण तू लहान होतीस. मी तिथे दाराशी उभी होते. तुझ्या डोक्यावरच्या त्या वेण्या मी बघत होते. सगळ्या वाकड्या होत्या, एक जाड, एक बारीक, पुरुषाने घातलेल्या. छत्तीस तरी असतील. मी फोटोंची माणूस आहे, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. मला तेव्हाच दिसलं होतं की तू खरं सांगतेयस, आणि मी गप्प बसले.

तू खरं सांगत होतीस, शेनेली. सगळ्या बेटावर त्या दिवशी तू एकटीच खरं सांगत होतीस.

तांता मिरेल्वा